वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरचा तट

वऱ्हाड प्रांताच्या सीमा फळ्यावर काढून दाखवणे सोपे आहे. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग एवढे काढले की प्रांताचा आकार डोळ्यांसमोर उभा राहतो. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यातून पाहिले तर दोन्ही नद्या तशा जवळच्या. उत्तरेचा डोंगर मात्र अमरावती, परतवाडा अशा वाटेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर. पण या तीन सीमांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. नद्यांनी आपली सीमा आपणच आखली. उत्तरेला मात्र निसर्गाने उभ्या केलेल्या डोंगरावर माणसाने पुन्हा दगडाची रेघ ओढली. गाविलगड आणि नरनाळा या दोन किल्ल्यांचे तट म्हणजे ती रेघ.

सीमेवरचे बांधकाम वाचायची एक साधी युक्ती आहे. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर ऑफाचा बांध नावाचा मातीचा लांबलचक बांध आहे. इ.स. ७५७ ते ७९६ या काळात मर्सियाचा राजा असलेल्या ऑफाचे नाव त्याला पडले आहे. १९७१ साली या सीमेने चालत जाण्यासाठी २८५ किलोमीटरची पायवाट खुली झाली. बांधाच्या डोंगराळ भागात ती सतत चढउतार करायला लावते आणि चालणाऱ्याचा चांगलाच दम काढते. या बांधाचा खंदक पश्चिमेला म्हणजे वेल्सच्या बाजूला आहे. खंदक ज्या बाजूला, त्या बाजूला परके. बांधणारा त्याच्या पाठीमागे. लेखी पुरावा हाती नसला तरी एवढी गोष्ट जमीनच सांगून जाते. हीच युक्ती गाविलगडला लावून पाहायची, म्हणून आम्ही हा तट एका डिसेंबरात पायी फिरलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रथम डोंगराकडे पाहू. अचलपूर-परतवाड्याचे मैदान समुद्रसपाटीपासून साडेतीनशे ते चारशे मीटर उंचीवर आहे. किल्ल्याचा माथा सुमारे ११०० मीटरवर. एवढी उंची हा डोंगर हळूहळू गाठत नाही, तो मैदानातून एकदम उठतो. याचे कारण त्याच्या पायथ्याशी जमिनीत दडलेल्या भेगेत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे या भेगेवर खडकांचा दक्षिणेकडचा भाग खाली खचला आणि उत्तरेकडचा वर राहिला. भूशास्त्रात अशा भेगेला प्रस्तरभंग म्हणतात आणि या प्रस्तरभंगाला गाविलगडचेच नाव आहे. खचलेल्या भागात पूर्णा नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. अकोला-अमरावतीकडची कपाशीची काळी जमीन आणि तिथल्या खाऱ्या विहिरींचा खारपाण पट्टा, दोन्ही या गाळावरच आहेत.

लाव्ह्याचे थर आडवे असल्यामुळे डोंगराची कड पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. दक्षिणेकडून चढणाऱ्याला या सगळ्या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. उत्तरेकडे मात्र माथ्यावर पठार आहे आणि किल्ल्याचा डोंगर जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्याने त्याला जोडलेला आहे. या पठारावर आज चिखलदरा वसले आहे. म्हणजे दक्षिणेची बाजू निसर्गानेच राखली आहे. माणसाला राखायची आहे ती उत्तर.

तट बांधणाऱ्यांनी नेमके हेच ओळखले होते. गवळी लोकांची जुनी गढी या डोंगरावर होती आणि त्यावरून किल्ल्याला नाव पडले, असे परंपरा सांगते. पक्का किल्ला उभा राहिला तो बहमनी सुलतान अहमदशहाच्या वेळी, १४२५ च्या सुमारास. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की सुलतानाने वर्षभर एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्काम ठोकून गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. सुलतानाने राजधानी सोडून येथे एवढा काळ घालवावा असे काय होते? उत्तरेला माळव्याचा हुशंगशहा होता आणि या दोघांच्या मध्ये खेरल्याचे लहानसे राज्य सापडले होते. खेरला म्हणजे आजच्या बैतुल जिल्ह्यातला भाग. त्यावरून दोघांच्या लढाया झाल्या आणि शेवटी १४३३ च्या सुमारास खेरला माळव्याकडे आणि वऱ्हाड बहमनींकडे अशी वाटणी ठरली. ऑफाच्या बांधाची युक्ती येथे बरोबर लागू पडते. गाविलगडच्या बाहेरच्या तटाचे तोंड उत्तरेकडे आहे, कारण बांधणारा दक्षिणेच्या मैदानाचा धनी होता आणि त्याला भीती माळव्याची होती.

बहमनी राज्य मोडल्यावर १४९० मध्ये फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाला. त्याआधी सुभेदार असतानाच त्याने दोन्ही किल्ल्यांची डागडुजी केली होती. नरनाळ्याच्या देखण्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा शिलालेख आहे. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे हा फतेहउल्ला मूळचा विजयनगरकडचा, ब्राह्मण घरातला. लढाईत पकडला जाऊन तो वऱ्हाडात आला आणि मुसलमान म्हणून वाढला. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर चोचींत हत्ती धरलेल्या दुतोंडी पक्ष्याचे शिल्प आहे. हा गंडभेरुंड. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवरही तो तसाच हत्तींसह दिसतो. दरवाजावरच्या पक्ष्याचा संबंध फतेहउल्लाच्या जन्मभूमीशी जोडला जातो आणि आम्हालाही ते पटण्यासारखे वाटते. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाड घेतले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५७७ मध्ये, बहराम बुरूज उभा राहिला. धनी बदलला तरी बांधकाम चालूच होते.

शतक संपता संपता वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त या सुभ्याची नोंद झाली. यवतमाळकडच्या वाचकांना त्यात आपले गाव सापडेल. आजच्या यवतमाळचा परगणा तेथे 'योत-लोहारा' या जोडनावाने आला आहे आणि त्यातला लोहारा म्हणजे आपले हेच लोहारा. याच नोंदीत गाविलगडबद्दल एक मजेदार माहिती आहे. किल्ला जवळजवळ अजोड आहे असे सांगून अबुल फजल म्हणतो की तेथे एक झरा आहे आणि त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. लोखंडाला पाणी देणे हा शब्दप्रयोग लोहारा नावाच्या गावात तरी समजावून सांगायला नको. पण झऱ्याच्या पाण्यात खरोखर काही विशेष असते का? लालबुंद पोलाद पाण्यात बुडवताच त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर हे आवरण लवकर फुटते, पोलाद वेगाने थंड होते आणि अधिक कठीण बनते. काळ्या पाषाणातल्या झऱ्याच्या पाण्यात एवढे क्षार नसतात. मात्र झऱ्याचे तापमान उन्हाळ्या-पावसाळ्यात फारसे बदलत नाही आणि कारागिराच्या हाताला रोज तेच पाणी मिळते, हा फायदा लहान नाही. गुण पाण्याचा की हाताचा, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. चर्चा चांगली रंगते.

आता तटाकडे. चिखलदऱ्याहून किल्ल्यापर्यंतचे अंतर थोडे आहे. बहुतेक पर्यटक दरवाजे आणि तलाव पाहून दोन तासांत परततात. तटाच्या कडेने सगळा फेरा घ्यायचा तर मात्र सबंध दिवस हाताशी हवा. वाट अशी नाहीच. पुरुषभर उंच वाळलेल्या गवतात दगड लपलेले असतात आणि कुसळे पायमोजे भरून टाकतात. वड-पिंपळाच्या मुळांनी तट फोडला आहे, तेथे खाली उतरून पुन्हा वर यावे लागते. दक्षिणेच्या कडेला काही ठिकाणी तटाबाहेर पाऊल टाकायलाही जागा नाही. पण फेरा पुरा झाला की किल्ल्याची रचना नकाशापेक्षा स्पष्ट कळते. आतला किल्ला कड्याकडे, दक्षिणेला तोंड करून. त्याला उत्तर आणि वायव्य बाजूंनी कवेत घेणारा बाहेरचा किल्ला. आणि त्याच्याही पुढे, उत्तरेच्या वाटेवर, आणखी एक तिसरी भिंत. धोका ज्या बाजूने अधिक, त्या बाजूला भिंती अधिक.

या रचनेचा सर्वात नेमका अभ्यास केला तो शत्रूने. १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांचे दुसरे युद्ध चालू होते. २३ सप्टेंबरला असईची आणि २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. अडगाव आजच्या अकोला जिल्ह्यात आहे. तेथून हटलेले नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पायदळ गाविलगडावर गेले. किल्लेदार होता बेनीसिंग हा राजपूत. मागोमाग आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा अचलपुरात आल्या. वेलस्लीने आपल्या अहवालात किल्ल्याचे तीन रस्ते तपासले आहेत. ते भूगोलाच्या शिक्षकांनी अवश्य पाहावेत असे आहेत. दक्षिण दरवाजाचा चढ लांब आणि फार उभा, फक्त पायी माणसाला जमणारा. वायव्य दरवाजाचा रस्ता किल्लेकऱ्यांच्या रोजच्या वापरातला. पण तो पश्चिमेच्या बाजूने तटाखालून बराच वेळ जातो, म्हणजे जाणारा सतत माऱ्यात. शिवाय अरुंद, दोन्हीकडे तासलेला खडक. उत्तर दरवाजासमोर मात्र जमीन किल्ल्याच्या पातळीत, मोर्चे लावायला सोयीची. अडचण एवढीच की तेथे पोचायला अचलपूरपासून तीस मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, डोंगरांतून जावे लागे आणि तोफा नेण्याजोगा रस्ता नव्हता.

किल्ल्याच्या उत्तर बाजूचा खरा पहारेकरी हा तीस मैलांचा डोंगर होता. तिन्ही भिंती त्याच्या भरवशावर उभ्या होत्या. ७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची तुकडी अचलपूरहून धामणगावच्या वाटेने डोंगरात शिरली आणि १२ तारखेला उत्तरेच्या बाजूला, इंग्रजी कागदांत ज्याला लबाडा म्हटले आहे त्या गावी, पोचली. रस्ता सैनिकांनीच तोडत जायचे आणि जड तोफा त्यावरून माणसांनी ओढायच्या, असे हे पाच-सहा दिवस चालले.

हे काम केवढे होते याचा हिशोब दहावीचा विद्यार्थीही करू शकेल. १८ पौंडी लोखंडी तोफेची नळी सुमारे दोन टनांची. गाड्यासह तीन टन, म्हणजे अंदाजे २९,४०० न्यूटन वजन धरू. आठास एक असा चढ असेल तर वजनाचा आठवा भाग, सुमारे ३,७०० न्यूटन, मागे खेचतो. कच्च्या रस्त्यावर चाकांचा अडथळा वजनाच्या एक-दशांश धरला तर आणखी २,९०० न्यूटन. एकूण ६,६००. दोरीला लागलेला माणूस बराच वेळ १५० ते २०० न्यूटन जोराने ओढू शकतो. म्हणजे एका तोफेला ३३ ते ४४ माणसे. चढ पाचास एक झाला की आकडा पन्नासाच्या आसपास किंवा वर जातो. शिवाय उतारावर तीच तोफ मागून रोखून धरायची, आणि गोळे, दारू, धान्य वेगळेच. इतिहासाच्या पुस्तकात या मोहिमेला वेलस्लीचे नाव आहे. दोर ज्यांनी ओढले त्यांत देशी शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांची नावे नाहीत.

दक्षिणेची बाजू किती अवघड होती हेही लगेच दिसून आले. वेलस्लीने दक्षिण दरवाजाखाली तोफांचा मोर्चा उभारला, पण लोखंडी तोफा तेथवर चढल्याच नाहीत. हलक्या पितळी तोफा चढल्या, तर त्यांच्या गोळ्यांचा तटावर फारसा परिणाम होईना. उत्तरेला १३ तारखेच्या सकाळी मारा सुरू झाला आणि १४ च्या रात्रीपर्यंत तटाला चढता येण्याजोगे खिंडार पडले.

दगडी तट इतक्या लवकर का फुटावा? तटाच्या दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मध्ये दगडमातीची भर असते. गोळ्यांनी बाहेरचे दगड निखळले की आतली भर घसरते आणि पायथ्याशी तिचा ढीग होतो. कोणत्याही सुट्या भरीचा ढीग एका ठरावीक कोनाहून उभा राहू शकत नाही. दगडमातीसाठी हा कोन ३५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तटाचाच मालमसाला कोसळून शत्रूसाठी जिना तयार करतो. मातीच्या जाड बांधाचे तसे नसते. त्याला आधीपासूनच उतार असतो आणि गोळा त्यात रुतून बसतो. गाविलगड पडल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने १८०५ साल उजाडले असे नव्हे, मध्ये पुरे वर्ष गेले. पण याच युद्धमालिकेत १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लॉर्ड लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार हल्ले चढवले आणि चारही फसले. विदर्भालाही मातीचा तट अनोळखी नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीचा मातीचा तट आणि खंदक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला आहे. उंच डोंगरावर मात्र माती कमी आणि दगड मुबलक, म्हणून गाविलगडला दगडीच तट आला.

१५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. खिंडारातून आत शिरणाऱ्यांचा प्रमुख कर्नल केनी होता. त्याला झालेली जखम प्राणघातक ठरली. बाहेरचा किल्ला हाती आला, पण आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता आणि त्यासमोर खोल दरी होती. दरवाजा फुटेना. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरी ओलांडून एका ठिकाणी शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. तटाची उंची सगळीकडे सारखी नसते, आणि शिडी लावणारा सर्वात कमी उंचीची जागा शोधतो.

पुढे झाली ती कत्तल. वेलस्लीच्याच अहवालात किल्ल्यातल्या लोकांची संख्या मोठी होती आणि फार माणसे मारली गेली असे म्हटले आहे. बेनीसिंगाचे प्रेत दरवाजाजवळच्या ढिगाऱ्यात सापडले. त्याच्या घरच्या स्त्रियांचा जोहार ठरला होता. त्यातल्या तीन-चार गेल्या, बाकीच्या वाचल्या. वेलस्लीचा चिटणीस म्हणून बरोबर आलेला तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हल्ल्यात सामील होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाशी त्याचे नाव जोडले गेले. शाळा-कॉलेजांच्या इतिहासात त्याला भेटणाऱ्या शिक्षकांनी त्याचा हा दिवसही माहीत करून घ्यावा.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. तोवर वऱ्हाडात दोअमली होती. निजाम आणि भोसले दोघेही वसूल घेत आणि रयत दोघांची देणी भागवत असे. तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला, आणि त्यात लोहाराही गेले. वर्धा नदी ही दोन राज्यांची सीमा झाली ती या तहाने. गंमत अशी की ज्या किल्ल्यावर हे सगळे ठरले तो गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही, भोवतालच्या काही परगण्यांसह, भोसल्यांकडेच राहिले. ते निजामाकडे गेले १८२२ मध्ये. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८५७ चा उठाव झाल्यावर डोंगरातला असा किल्ला बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून १८५८ मध्ये त्याची मोडतोड करण्यात आली. तेव्हा आज तटात दिसणारी सगळीच खिंडारे १८०३ ची समजू नयेत.

विद्यार्थ्यांना नेणाऱ्यांसाठी थोडे. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात असल्याने वनखात्याकडे प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्यावी. अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे. या जंगलात अस्वले आहेत. डिसेंबर-जानेवारी हा काळ बरा, पिण्याचे पाणी बरोबर हवे, आणि दक्षिण कडेला मुलांना एकेकटे सोडू नये. सोबत होकायंत्र, एक कोनमापक आणि दगड बांधलेला दोरा न्यावा. दोरा कोनमापकाच्या मध्यबिंदूला बांधून तटाच्या प्रत्येक ढासळलेल्या जागी ढिगाऱ्याच्या उताराचा कोन मोजावा, तटाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे आणि परत आल्यावर दोन्हींचा एक तक्ता करावा. उत्तरेच्या बाजूला उभे राहिल्यावर चिखलदऱ्याकडचे पठार डोळ्यांच्या पातळीत दिसते. स्टीव्हन्सनच्या तोफा त्याच बाजूला होत्या.